विसरण्याची कथा आणि मराठी पोथी : मुंबईच्या बेने इस्रायलांच्या धर्मसुधारणेचे पुनर्वाचन

ज्यूंच्या आधुनिक इतिहासाची मांडणी बहुधा बर्लिन आणि पॅरिसपासून सुरू होते. मोझेस मेंडेल्सोन यांनी १७८० ते १७८३ या काळात तोराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. भाषा जर्मन, पण अक्षरे हिब्रू. १७९१ मध्ये फ्रान्सने ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क दिले. १८१८ मध्ये हॅम्बुर्गच्या नव्या प्रार्थनामंदिरात जर्मन प्रार्थना आणि जर्मन प्रवचने सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सनातनी राब्बींनी त्याविरुद्ध निषेधपत्रांचा संग्रह छापला. १८५८ मध्ये लायोनेल रॉथशिल्ड ब्रिटिश पार्लमेंटात बसले. १८७१ पर्यंत एकसंध जर्मनीतही कायद्याने समता आली. या सगळ्यातून इतिहासकारांनी एक साचा काढला : आधी गावकुसातली कोंडवस्ती, मग नागरी हक्क, मग प्रार्थनेत लोकभाषा, मग सुधारक आणि सनातनी अशी फूट.

हा साचा मुंबईला लावून पाहिला तर त्यातले एकही खण भरत नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’ना कोणी कोंडवस्तीत डांबलेले नव्हते. तेव्हा त्यांना सोडवण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांची घरची भाषा मराठी. त्यांच्यात राब्बी नव्हते, होते ते काजी. आणि सर्वांत महत्त्वाचे, हॅम्बुर्गमध्ये हिब्रू बाजूला सारून जर्मन आणण्याची खटपट चालू होती, त्याच पिढीत मांडवी-डोंगरीतले बेने इस्रायल मराठीचा हात धरून हिब्रूकडे निघाले होते. तिथे आधुनिक होणे म्हणजे पोथीपासून दूर जाणे होते. इथे आधुनिक होणे म्हणजे पोथी प्रथम हातात घेणे होते.

या उलट्या वाटेबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक एकाच कथेवर उभे आहे. ती कथा अशी : बेने इस्रायल धर्म विसरले होते, बाहेरच्यांनी येऊन त्यांना जागे केले. कोचीनच्या ज्यूंनी, मिशनऱ्यांनी, बगदादी व्यापाऱ्यांनी आणि शेवटी लंडनच्या सुधारकांनी. या कथेत बेने इस्रायल स्वतः काहीच करत नाहीत, त्यांच्यासाठी केले जाते. प्रस्तुत लेखाचा मुद्दा असा की ही विसरण्याची कथा अपुरी आहे, तिची या समाजाने फार मोठी किंमत मोजली आहे, आणि तिला उत्तर देणारा पुरावा मराठीत आहे. तो आपण वाङ्मय म्हणून वाचलेला नाही.

विसरण्याची कथा कोणी, कोणासाठी सांगितली

मूळ आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. स्मरणात राहिला तो ‘शेमा’, म्हणजे ईश्वर एक आहे ही घोषणा. त्याबरोबर सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे काही नियम टिकले. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा कोणी ज्यू आला. त्याने बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडले, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून काजी केले. राहाबी नेमका कधी आला याबद्दल सात-आठशे वर्षांचे अंतर असलेली मते आहेत. पण १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात, स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणवणाऱ्या आणि शेमापलीकडे फारसे न जाणणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचा उल्लेख येतो. म्हणजे मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहण्याच्या साठेक वर्षे आधीच ही कथा बाहेरच्यांच्या लेखणीत शिरली होती.

तिला ग्रंथरूप दिले हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. १८३० मध्ये जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर समाजाचे काम केले. १८५३ मध्ये मित्रांबरोबर परोपकारी मंडळी काढली, १८७५ मध्ये इस्रायली मुलांसाठी शाळा सुरू केली. हीच शाळा पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. त्यांनी बेने इस्रायलांचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोपर्यंत लेखक हयात नव्हते.

केहिमकरांचे पुस्तक समीक्षकाच्या नजरेने वाचले की त्यात दोन लेखक दिसतात. पहिला लेखक वकील आहे. त्याला सिद्ध करायचे आहे की आम्ही खरे ज्यू आहोत आणि फार जुने आहोत. त्याचा सर्वांत हुशार युक्तिवाद हनुक्काचा आहे. हनुक्का हा सण इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराच्या शुद्धीकरणापासून सुरू झाला. बेने इस्रायलांना तो माहीतच नव्हता. अर्थात, त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत. म्हणजे अज्ञान हाच प्राचीनतेचा पुरावा! हा डाव देखणा आहे, पण तो दुधारी आहे. सण माहीत नव्हता म्हणून आपण प्राचीन, हे एकदा मान्य केले की कायदा माहीत नव्हता म्हणून आपण संशयित, हेही कोणी म्हणू शकते. तसे म्हटले गेलेही. त्याकडे पुढे येऊ.

हा वकील कोणापुढे उभा होता? पुस्तक इंग्रजीत आहे यातच उत्तर आहे. त्यांच्या शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत होती. भायखळ्याला १८६१ मध्ये मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधणाऱ्या ससून घराण्याचे वजन साऱ्या शहरात होते. या दोघांपुढे, आणि हिंदी समाजांचे वर्गीकरण करणाऱ्या गोऱ्या विद्वानांपुढे, एका लहान समाजाला आपली कैफियत मांडायची होती. ‘आम्ही विसरलो होतो, आता शिकलो’ ही त्या कैफियतीची भाषा आहे. मदत मागणाऱ्याला ती वापरावी लागते.

दुसरा लेखक मात्र कोकणातल्या घरात वाढलेला आहे. तो रीतिरिवाज, लग्नातली गाणी, जेवण, सणवार यांविषयी लिहू लागतो, तेव्हा वकील मागे पडतो आणि ग्रंथ जिवंत होतो. त्याने नोंदवलेली सणांची नावे पाहा. ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून, कोणाच्या संपर्कात न येता उपवास करायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. नव्या धान्याची खीर करायची तो ‘खिरीचा सण’. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण तेव्हा मांसमासळी वर्ज्य आणि ताटात वालाचे बिरडे. वल्हांडणाला नाव ‘अनशी ढाकण्याचा सण’, आंबवलेल्या रसाचे भांडे त्या काळात झाकून ठेवायचे यावरून. एलूल महिन्याच्या उपवासांना तर चक्क ‘रमजान’.

वकिलाच्या लेखी ही नावे विस्मरणाची खूण आहेत : मूळ हिब्रू नाव गेले, कारण गेले, उरला तो बिरड्याचा वाडगा. मला हे वाचन पटत नाही. ज्या दिवशी आंबवलेले घरात ठेवायचे नाही, त्या दिवसाचे नाव आंबवलेले भांडे झाकण्यावरून पडले असेल, तर सणाचे मर्म हरवले असे कसे म्हणता येईल? ज्या दिवशी जगापासून दूर होऊन देवापुढे उभे राहायचे, त्याला दार लावण्याचे नाव मिळाले असेल, तर ते विस्मरण की भाषांतर? ही नावे ग्रंथातून आलेली नाहीत. ती स्वयंपाकघरातून आणि उंबऱ्यावरून आली आहेत, म्हणजे मुख्यतः बायकांनी सांभाळलेल्या धर्मातून. ग्रंथ जाणणाऱ्याला त्यात ग्रंथाचा अभाव दिसतो. आचार जाणणाऱ्याला त्यात आचाराची अखंडता दिसायला हवी.

मराठीच्या पायरीवरून

मुंबईतली धर्मसुधारणा एका सैनिकाच्या नवसापासून सुरू झाली असे मानतात. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, ज्यांना लोक सामाजी हसाजी म्हणत, टिपूच्या कैदेतून सुटले आणि त्यांनी १७९६ मध्ये मांडवीला सिनेगॉग बांधले. त्याचे नाव शाआर हाराहमीम, दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘जुनी मशीद’. १८४० मध्ये दुसरे सिनेगॉग झाले, ती ‘नवी मशीद’. मशीद बंदर या नावाची एक व्युत्पत्ती या जुन्या मशिदीकडे बोट दाखवते. सिनेगॉगची व्यवस्था पाहणारे अधिकारी म्हणजे मुकादम, चौगुला, गबाई, काजी आणि समास. यांतले दोन शब्द हिब्रूकडचे, बाकीचे गावगाड्यातले आणि मुसलमानी अमदानीतले. संस्था नवी होती, पण तिची रचना कोकणातल्या पंचायतीची होती.

ग्रंथ मात्र अजून हातात नव्हता. तो हातात येण्याचा मार्ग चमत्कारिक होता. १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले मोठ्या संख्येने गेली, काही जण तिथे शिक्षकही झाले. १८२९ मध्ये आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये खास या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. हेतू उघड होता : ज्यूंना त्यांचेच शास्त्र वाचायला शिकवावे, म्हणजे ते ख्रिस्ताकडे येतील. झाले उलटेच. धर्मांतर केलेले अगदी थोडे निघाले. बाकीच्यांनी व्याकरण घेतले, बायबलचे मराठी भाषांतर घेतले आणि ते घेऊन थेट सिनेगॉगची वाट धरली. मिशनऱ्याने शिडी लावली ती एका माडीसाठी, लोक चढले दुसऱ्याच माडीवर.

या टप्प्याची साक्ष देणारी पहिली मोठी कृती म्हणजे १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर छापलेली, मराठी भाषांतरासह हग्गादा. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात, जेवणाच्या पाटावर वाचायची पोथी. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा तीत आहे. भाषांतरासाठी पहिला मान याच पोथीला मिळावा यात अर्थ आहे. सिनेगॉगातली प्रार्थना न समजता म्हटली तरी विधी पुरा होतो. हग्गादेचे तसे नाही. तीत मुलाने विचारायचे आणि बापाने सांगायचे असते. ‘मुलाला सांग’ ही धर्माज्ञाच आहे. मूल मराठी बोलत असेल तर मराठीत सांगण्याखेरीज ती आज्ञा पाळता येत नाही. म्हणून मुंबईत लोकभाषेचा प्रवेश आज्ञा मोडून झाला नाही, आज्ञा पाळण्यासाठी झाला. मुंबईत याविरुद्ध फतवा निघण्याचा प्रश्नच आला नाही. हॅम्बुर्गमध्ये जर्मन आली ती हिब्रूच्या जागी. मुंबईत मराठी आली ती हिब्रूच्या शेजारी, तिचा अर्थ सांगायला.

१८७४ मध्ये पुण्याला विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेली सचित्र हग्गादा याची पुढची पायरी आहे. तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे. त्या जमिनीवर बसून काम करताहेत, अंगावर लुगडी आहेत. युरोपीय हग्गादांच्या चित्रांचे वळण पुढे ठेवून काढलेल्या पोथीत ही बाईमाणसे आपसूक येऊन बसली आहेत. छापखान्याचे मालक ब्राह्मण, संपादक मोझेस आणि आरोन तळकर हे बेने इस्रायल, कथा मिसर देशाची, बसण्याची रीत कोकणातली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाची कथा सांगताना या पानाला जागा मिळायला हवी.

या सगळ्या कामाला ज्यांनी शिस्त लावली ते जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४-१९०५). डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते आणि त्यांनी प्रार्थनाविधीचे ग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. दोन पिढ्यांपूर्वी ज्या समाजाला हिब्रूची अक्षरओळख नव्हती, त्यातला माणूस विद्यापीठात हिब्रूचा परीक्षक होतो, ही घटना ‘जागृती’ या शब्दात मावत नाही. जागे करणारा आणि जागा होणारा इथे एकच आहे. राजपूरकरांचे काम मेंडेल्सोनच्या शेजारी ठेवून पाहावे. मेंडेल्सोनला आपल्या लोकांना जर्मन शिकवायची होती, म्हणून त्यांनी जर्मन हिब्रू अक्षरांत छापली. राजपूरकरांच्या वाचकांना मराठी येतच होती. ती अर्थाला लावून त्यांनी हिब्रू प्रार्थना घरोघर पोचवली.

अब्राहमाचे कीर्तन

भाषांतर वाचणाऱ्यांपुरते होते. न वाचणाऱ्यांसाठी १८८० मध्ये काही तरुणांनी कीर्तन सुरू केले. डेव्हिड हाईम दिवेकर आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर ही त्यातली ठळक नावे. अष्टमकरांचे अब्राहम चरित्र थोड्याच काळात छापूनही निघाले. पुढे योसेफ, मोशे, दावीद, एलिया, एस्तेर यांची आख्याने रचली गेली. घाट सारा नारदीय कीर्तनाचा : साकी, दिंडी, ओवी, आर्या, पदे, मध्ये गद्य निरूपण. चाली त्या काळी कीर्तनांत आणि पुढे नाटकांत लोकप्रिय होत्या त्याच.

या प्रयोगाकडे आजवर ‘हिंदू प्रभाव’ म्हणून पाहिले गेले. हा शब्द सोयीचा आहे, पण त्यातून काही कळत नाही. प्रभाव नकळत पडतो. इथे निवड आहे. अब्राहम म्हटला की ज्यू परंपरेत पहिली आठवते ती बापाच्या मूर्ती फोडणाऱ्या मुलाची कथा. अशा पुरुषाचे चरित्र सांगायला, ज्याचा जन्म देवळाच्या सभामंडपात झाला असा प्रकार निवडणे हे धाडस आहे. कीर्तनाचा सांगाडा घ्यायचा आणि त्यातले वंदन एकेश्वराला अर्पायचे, म्हणजे प्रकार आणि उपास्य यांची गाठ सोडवायची. हे जमले याचा अर्थ त्या तरुणांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या : आपल्या धर्मात काय सोडता येत नाही, आणि मराठी कीर्तनात काय सोडले तरी ते कीर्तनच राहते. स्वतःचा धर्म विसरलेल्या माणसाला हे जमत नाही.

याच शहरात १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला होता आणि १८७४ पासून गिरगावात त्याचे मंदिर उभे होते. तिथेही मूर्ती दूर ठेवून अभंग जवळ ठेवण्याचा प्रयोग चालू होता. दोन्ही प्रयोग एकाच पिढीचे, एकाच भाषेतले, दोन-तीन मैलांच्या अंतरावरचे. एक आपल्या इतिहासात प्रकरण होऊन बसला, दुसऱ्याला तळटीपही क्वचित मिळते. मराठी धर्मसुधारणेचा इतिहास हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोनच दालनांत लिहिण्याच्या सवयीचा हा परिणाम आहे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. कीर्तनात बायबलमधली माणसे कधी कधी फारच सद्गुणी होतात. मूळ ग्रंथातला योसेफ गर्विष्ठ पोर आहे, दावीद पापी राजा आहे. आख्यानाच्या घाटाला आदर्श पुरुष लागतो, त्यामुळे या पात्रांचे कंगोरे घासले जाण्याचा धोका त्या घाटातच आहे. महिपतीच्या संतचरित्रांबद्दल घेतला जाणारा आक्षेप इथेही लागू पडतो. पण हा मराठी आक्षेप आहे. तो घेता येतो, यावरूनच हे वाङ्मय मराठी परंपरेत बसते हे कळते.

भिंती : बाहेरची आणि आतली

कायद्यापुढची समता बेने इस्रायलांना इतर प्रजेबरोबरच मिळाली. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात त्यांच्यासाठी वेगळे काही नव्हते. त्यांच्या मुक्तीचा खरा झगडा सरकारशी नव्हता, दुसऱ्या ज्यूंशी होता. १८३६ मध्येच बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज करून सामायिक कबरस्तानात मधे भिंत घालून मागितली. पुढे प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांच्या मोजणीत बेने इस्रायल धरायचा की नाही, तोरा वाचायला त्याला बोलवायचे की नाही, असे वाद होत राहिले. ब्रह्मदेशात रंगूनच्या सिनेगॉगमध्ये विश्वस्तांच्या निवडणुकीतून बेने इस्रायलांना वगळले गेले, तेव्हा प्रकरण रंगूनच्या उच्च न्यायालयात गेले. १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. ज्यू कोण हे ठरवायला ज्यूंना इंग्रजांच्या कोर्टात जावे लागले.

पण भिंत एकाच बाजूची नव्हती. या समाजात स्वतःतही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद होता. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांच्या वंशजांना काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, पंगतीत आणि सिनेगॉगातही अंतर राखले जाई. रंग या शब्दात असला तरी हा जातीचाच व्यवहार होता. बगदाद्यांनी जे माप आपल्याला लावले तेच माप गोऱ्यांनी काळ्यांना लावले. केहिमकरांची कैफियत या ठिकाणी बचावाला उतरते, आणि पुस्तकाचा हा सर्वांत दुबळा भाग आहे. शुद्ध वंशाच्या आधारावर मान्यता मागणाऱ्याला घरातला भेद नाकारता येत नाही. तो भेदच त्याच्या पुराव्याचा भाग होऊन बसतो.

या कोंडीतून वेगळी वाट काढण्याचा प्रयत्न एका डॉक्टर बाईने केला. जेरुशा झिराड लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, तिथे क्लॉड मॉन्टेफिओरे आणि लिली मॉन्टेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांचा परिचय झाला. परतल्यावर १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन स्थापन केली. पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून त्या सर्व मुंबईला माहीत झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण एका स्त्रीने धार्मिक संस्था उभी करणे, ही त्या काळच्या मुंबईत कोणत्याही धर्मात विरळा अशी गोष्ट होती. तिचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही. १९२२ पासून १९५० पर्यंत इस्रायली शाळा सांभाळणाऱ्या रेबेका रूबेन याही त्याच पिढीच्या. स्वयंपाकघरात धर्म टिकवणाऱ्या बायकांच्या नाती आता शाळेत आणि प्रार्थनासभेत धर्माचा अर्थ सांगू लागल्या होत्या.

युनियनबद्दल मात्र एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. तिच्या प्रार्थनेत आणि विचारात इंग्रजीचा वरचष्मा राहिला. लंडनमध्ये इंग्रजी प्रार्थना म्हणजे लोकभाषा होती. सात रस्ता, आग्रीपाडा, भायखळा इथल्या गिरणीत, रेल्वेत, कचेरीत काम करणाऱ्या इस्रायली कुटुंबांची लोकभाषा मराठी होती. लंडनचा नमुना शब्दशः उचलल्यामुळे त्याचा गाभाच सुटला. ऐंशी वर्षे आधी हग्गादेच्या भाषांतरकर्त्यांना जे उमगले होते ते इथे निसटले. परिणामी सुधारणा सुशिक्षित घरांपुरती राहिली, आणि १९३१ मध्ये आग्रीपाड्याला मागेन हसिदीमची नवी इमारत उभी राहिली तेव्हा बहुसंख्य समाज परंपरेच्याच प्रार्थनेला तिथे जमत राहिला.

कथेची किंमत

स्वातंत्र्याच्या सुमारास सुमारे वीस हजार असलेला हा समाज पुढच्या दशकांत बहुतांशी इस्रायलला गेला. तिथे त्यांच्यापुढे जे आले ते मुंबईतल्या कोणत्याही भिंतीपेक्षा उंच होते. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य राब्बींच्या पीठाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत आणि शक्य तितके मागे चौकशी करावी. कारण काय? हा समाज शतकानुशतके धर्मशास्त्र जाणत नव्हता, तेव्हा त्यांचे घटस्फोट आणि विधवेचे दिराशी विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील याची खात्री नाही, आणि मिश्र विवाहांचीही शंका आहे.

हा मजकूर ओळखीचा वाटतो, कारण तो विसरण्याच्या कथेचाच उतारा आहे. जी गोष्ट प्राचीनतेचा पुरावा म्हणून अभिमानाने सांगितली, तीच आता आरोपपत्र होऊन परतली. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे ठरावाने सांगितले आणि महिनाअखेर राब्बींनी आदेशातून समाजाचे नाव काढले. युरोपात ज्यूंना नागरी समता मिळवण्यासाठी ख्रिस्ती राज्यांशी झगडावे लागले. कोकणच्या ज्यूंना मुक्तीचा लढा ज्यू राज्यात द्यावा लागला. जगाच्या ज्यू इतिहासात हा विरोधाभास अजून नीट मांडला गेलेला नाही.

हा केवळ संख्येने लहान असलेल्या एका समाजाचा प्रश्न आहे, असे मला वाटत नाही. स्वतःची कथा दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याला पटेल अशी सांगावी लागली की काय होते याचे हे उदाहरण आहे. इंग्रजी इतिहासाने जे ‘नव्हते’ ते सांगितले : ग्रंथ नव्हता, राब्बी नव्हता, हनुक्का नव्हता. मराठी पोथ्या, कीर्तने आणि सणांची नावे जे ‘होते’ ते सांगतात : मुलाला सांगायची आज्ञा होती, दार लावून बसण्याची रीत होती, एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस फेडायला पोहे, खोबरे, गोडवा आणि फळांचा मलिदा होता, अब्राहमाला साकी-दिंडीत बसवण्याइतका आत्मविश्वास होता.

आज ती गाणी जपली आहेत ती बहुतांशी वयस्क बायकांनी, मुंबईत आणि इस्रायलमध्ये. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघते. पोथ्या मात्र विखुरल्या आहेत, काही परदेशांतल्या मोठ्या ग्रंथालयांत, काही सिनेगॉगच्या कपाटांत, काही घराघरांत. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला मराठी वाङ्मयेतिहासात जागा मिळाली, ती योग्यच आहे. त्याच न्यायाने बेने इस्रायलांच्या भाषांतरांची आणि आख्यानांची सूची व्हायला हवी, निवडक संहिता देवनागरीत टिपांसह पुन्हा छापल्या जायला हव्यात, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने त्या वृत्तांच्या, शब्दकळेच्या आणि घाटाच्या अंगाने तपासायला हव्यात. हे काम यरुशलेमचे किंवा लंडनचे विद्यापीठ आपल्यासाठी करणार नाही, कारण त्यासाठी आधी साकी आणि दिंडी कानाला ओळखू यावी लागते. ते मराठी वाचणाऱ्यांचेच काम आहे, आणि ज्यांच्या तोंडी अजून ही पदे आहेत ती माणसे आहेत तोवरच ते करता येईल.